फणीचा एक दात

तानव्वानं डबी सुपातून आणली,
टेंभुर्णीच्या पानांखाली झाकून, जशी काही चोरीची.
चोरीची नव्हे. वखार बंद पडली तेव्हा
सात आठवड्यांच्या मजुरीपोटी
मालकाच्या सुनेनं हातावर ठेवलेली.
"सोन्याची असंल म्हटलं," ती म्हणाली,
"निघाली पितळंची."

मी झाकण उघडलं आणि शिंकलो.
निपाणीत कुठलीही डबी उघडा, तंबाखूचा वास येतोच,
पण ही खरोखर तपकिरीची:
वरच्या कप्प्यात चिमूटभर काळी पूड,
खालच्यात पितळेचा रूळ, करंगळीएवढा,
आणि त्याला टेकलेली पोलादी फणी.
बावन्न दातांची. एक पडलेला.

भिंग डोळ्याला लावून मी सांगत बसलो
(दुपारी गिऱ्हाईक नसतं,
सेलची घड्याळं आल्यापासून सकाळीही नसतं):
दोनशे वर्षांमागं, लांब बर्फाच्या डोंगरात
माझ्यासारखेच घड्याळजी होते.
तेव्हा घड्याळात गाणं हवं तर घंटा बसवायच्या,
आणि घंटेला जागा लागते.
कुणीतरी घंटा काढून टाकल्या,
पोलादाची पाती लावली ओळीनं,
लांब पात्याचा आवाज खाली, आखूडाचा वर.
एवढ्यानं गाणं खिशात मावलं.
काठीच्या मुठीत मावलं. तपकिरीच्या डबीत.

"आणि हे खिळे?"
तिनं रुळावरून नख फिरवलं.
बायका बसवायच्या ते. खिडकीपाशी बसून
एकेका भोकात एकेक तार, केसाएवढी.
हजारो.
"हजारावर मजुरी?"
असेल.
"आणि छाट?"
मी हसलो. ती हसली नाही.

मग मी भराभर उरकलं.
रुळाजागी पत्र्याच्या तबकड्या आल्या, भोकांच्या,
एक काढा, दुसरी घाला.
नाणं टाकलं की वाजणाऱ्या, कपाटाएवढ्या पेट्या आल्या.
मग कर्णा आला, माणसाचा गळाच घेऊन,
आणि फण्या गेल्या बाहुल्यांच्या पायाखाली,
लेकरांच्या खेळण्यात.
"वखारीवाणी," ती म्हणाली,
आणि सुपातली पानं उगाच सारखी केली.

दाताला पोलाद हवं होतं. छत्रीची काडी मऊ निघाली.
तानव्वानं कमरेची कात्री काढली,
अंगठ्याच्या जागी चिंधी गुंडाळलेली.
"हिची धार गेली. घे."
चार दिवस घासली. तापवली, तेलात बुडवली,
पुन्हा तापवली, निळी होईस्तोवर.
सूर लावायला गुरुपाद आला,
दोन्ही भाषांच्या भजनांत पेटी वाजवणारा.
कान फणीला लावून म्हणायचा, "इन्न स्वल्प."
मी कानस एकदा ओढायचो.
"इन्न स्वल्प."
पुन्हा एकदा.
"साक!" तो ओरडला तोवर
माझा हात एक फेर जास्त गेला होता.

किल्ली दिली. आतला पंखा भिरभिरला.
कुठल्या मुलखाची चाल, कोण जाणे,
गुरुपादला ओळखता येईना, मला तर नाहीच.
सगळं गोड, पाण्यासारखं,
आणि प्रत्येक फेरीत एका ठरल्या जागी
कात्री बोलायची,
किंचित चढ्या आवाजात,
बिडीचे कट्टे कमी मोजले की बायका बोलतात तशी.

नवा करतो, मी म्हणालो. चार दिवस दे.
"ऱ्हाऊ दे," तानव्वा म्हणाली.
"माजी कात्री हाय ती.
ती काय त्यांच्या सुरात बोलंल?"

वरच्या कप्प्यातली पूड बोटावर घेऊन
तिनं हिरडीला लावून बघितली,
दाराबाहेर जाऊन थुंकली.
"शिळी."
डबी वाजतच होती,
हळू,
आणखी हळू,
आणि नेमकी कात्रीपाशी येऊन थांबली.