मालगाडी

आमच्या शेडमध्ये त्या टॉवेलला कुणी मालगा म्हणत नाही.
मालगाडी म्हणतात.
"मालगाडी किती डझन झाली?" इरप्पा मुकादम ओरडतो,
आणि नागमणी काठ शिवता शिवता
बोटांनी सांगते.

निळ्यावर पांढरी सहा अक्षरं.
टॉवेल साडेतीन हात, म्हणजे आख्खा माणूस मावतो.
अक्षरं माझी. ग्राफवर चौकटी मोजून,
मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर, एकेक भोक पाडून.
इंग्रजी येतं मला थोडं,
पण पत्ता पाडताना वाचायचं नसतं, मोजायचं असतं.
पहिलं अक्षर दोन डोंगर.
मग तंबू, आत आडवी दांडी. असे तीन तंबू.
मध्ये एक, पाव भाग खाल्लेल्या कडक भाकरीसारखं.
मागच्या बाजूनं शहर उलटं दिसतं.
अकरा वर्षं मी मागच्याच बाजूला उभा आहे.

पहिल्या लॉटचे पैसे तोडले होते त्यांनी.
कागदावर लाल गोल:
पहिल्या तंबूवर एक तिरकी काडी पाहिजे.
शेठ म्हणाले, मास्तर, एवढीशी काडी,
नऊ टक्के गेले.
चौदा भोकं. त्याच रात्री पाडली.
बायको शेजारी तेंदूपत्ता कापत बसलेली,
म्हणाली, त्या काडीनं बोलण्यात काय फरक पडतो?
मला काय माहीत.

लावण्या माद्रिदला नर्स आहे. मंगळवारी सुट्टी.
सकाळच्या गाडीनं जायचं, रात्री परत,
आपण हुतात्मानं पुण्याला जाऊन येतो तसं.
डब्यात शेंगाचटणी, मार्चमध्ये पाठवलेली,
तळाला राहिलेली.
खिडकीतून फोटो आला: ऑलिव्हची झाडं,
टेकडीवर टेकडी, रांगेत रांग.
"नान्ना, तासभर नुसती हीच."
मी लिहिलं, ताणा बरा लागलाय.

चार वाजता तिचा फोन. मागांच्या खडखडाटात
काही ऐकू येईना, म्हणून कडुलिंबाखाली गेलो.
समुद्र दाखवला तिनं.
आमच्या निळ्यापेक्षा फिका.
शेड-कार्डाला लावला असता तर
रिजेक्टच झाला असता.
मग ती वाळूतून चालू लागली, फोन खाली धरून,
मला टॉवेल दाखवत. पट्ट्यांचे, पोपटांचे,
एकावर कलिंगडाची फोड.
लोक उताणे, पालथे. मला लाज वाटली,
तरी बघत होतो. काठ बघत होतो.
"एकपण मालगाडी नाही, नान्ना."
म्हटलं, असेल कशी? आपण काय सोलापूर लिहिलेलं
अंगावर घेऊन तळ्याला फिरायला जातो?
गावाचं नाव पाहुणे नेतात.
कुठल्या तरी थंड गावात, कुणाच्या तरी मोरीत
माझे तंबू वाळत असतील.

तिनं तिथल्या एका छत्रीवाल्या बाईला विचारलं.
काडी जिथं, जोर तिथं.
माऽलगा.
म्हणजे इरप्पा बरोबर ओरडत होता
इतकी वर्षं.

रात्री साडेदहाला परतीच्या तिकिटाचा फोटो.
चष्मा शोधला. दोन बोटांनी मोठं केलं.
दोन डोंगर. पहिला तंबू.
वर काही नाही.
पुन्हा मोठं केलं, अक्षरं फाटून
चौकटी चौकटी होईपर्यंत,
माझ्या ग्राफसारख्या.
काडी नव्हती.

बायकोला उठवलं. दाखवलं.
तिनं बराच वेळ बघितलं, तिला अक्षर येत नाही तरी.
"उद्या शेठला सांगून नऊ टक्के मागून घ्या,"
म्हणाली, आणि कूस बदलली.
मग अंधारातूनच:
"आधी पोरगी गाडीत बसली का ते विचारा."