डाव्या दारातलं भोक

ही ब्लिट्झ लढाईवर गेलीच नाही,
ते आधीच सांगून टाकते.
मेळाव्यात लोक येतात, हिच्या चपट्या नाकावर तळहात ठेवतात,
आवाज खाली आणतात, दफनभूमीत आणतात तसा.
मग विचारतात, तोब्रुक? की न्यू गिनी?
मी म्हणते, बटाटे.
ॲडलेडच्या डेपोपासून रेल्वेच्या धक्क्यापर्यंत चार वर्षं
बटाटे, घोंगड्या,
आणि एकदा कुण्या ब्रिगेडियरचा पियानो.

कॅनडाहून खोक्यांतून आली, सुटी सुटी.
इथल्या बायकांनी जोडली.
पुढची काच उलटी कललेली, पायाशी काहीतरी हरवल्यासारखी;
वरच्या विमानाला चकाकी दिसू नये म्हणून.
हिच्यावरून गेलं ते टपालाचं विमान, दर गुरुवारी.

सेहेचाळीस साली लिलावात क्लेमकाकांनी घेतली, नव्वद पौंडांना.
मॅलीच्या लाल वाळूत हिने झाडांची खोडं मुळासकट ओढून काढली,
गहू वाहिला, पाणी वाहिलं,
आगीच्या एका उन्हाळ्यात अंगभर लाल रंग फासून बंबसुद्धा झाली.
मग इंजिन बसलं.
कुंपणाशी तीस वर्षं. सीटखाली कोंबड्या अंडी घालायच्या,
आणि आई मला तिकडे पाठवायची, नाश्त्याआधी.

बासष्टाव्या वर्षी मी वेल्डिंग शिकले.
रेडिएटर मिळाला मर्व झिल्मच्या शेतात, मेंढ्यांच्या फाटकाला टेकवलेला;
त्याने दोन कोकरं मागितली, व्हर्नाने वर चटणीची बरणी मागून घेतली.
डिस्ट्रिब्युटरच्या टोपणासाठी सहाशे किलोमीटर गेले
आणि चुकीचं घेऊन आले.
रंग खरवडत गेले : लाल, त्याखाली पिवळा, त्याखाली
काकांनी ट्रॅक्टरच्या उरलेल्या डब्यातून दिलेला हिरवा,
आणि तळाशी खाकी,
ओल्या मातीसारखी मऊ, नखाने निघेल अशी.

पत्र्यात सत्तावीस भोकं होती. गंजाची. सगळी भरली.
डाव्या दारावर एक ठिगळ होतं, चार रिव्हेटांचं, नीट मारलेलं.
ते काढलं तर अठ्ठाविसावं. गोल.
कडा आत वळलेल्या.

एड्नाकाकूला विचारलं. ती तेव्हा एक्क्याण्णव,
वृद्धाश्रमाच्या खिडकीशी मटार सोलत बसलेली, कुणी न सांगता.
म्हणाली, थ्री नॉट थ्री.
एक्कावन सालचा ऑगस्ट, बाहेर हिव पडलेलं.
तुझे काका उशिरा आले होते सायलोवरून, गाडी शेडमध्ये लावली.
इंजिन गार होताना वाजतं ना गं,
टक्. मग थांबून, टक्.
सयामच्या रेल्वेवर पहारेकरी रात्री तसा यायचा म्हणे,
बांबूवर बांबू आपटत.
तुझ्या बापाने बंदुकीचा बोल्ट काढून घेतला, पिठाच्या डब्यात लपवला.
सकाळी यांनी ठिगळ मारलं
आणि गहू घालून गेले.
पुढे?
पुढे काय. मटार घे, जास्त झालेत.

मेळाव्याच्या परीक्षकाने दोन गुण कापले.
वहीत लिहिलं : दार मूळ स्थितीत नाही.
बरोबरच आहे त्याचं, कारखान्यातून हे आलं नव्हतं.
पोरं त्यात बोट घालतात, डोळा लावतात.
एकाने विचारलं, जर्मन गोळी?
मी म्हटलं, आमचीच.
त्याचा चेहरा पडला, शेजारच्या जीपकडे गेला.

घरी आणते तेव्हा अंधार पडलेला असतो.
किल्ली काढते, शेडचा दिवा मात्र तसाच ठेवते.
उलट्या डब्यावर बसून हातमोजे काढते, एक, मग दुसरा.
टक्.
बराच वेळ काही नाही.
टक्.
हे इंजिन गार व्हायला फार वेळ घेतं.