राखण

तावेत्तीच्या मनोऱ्याला एकशे बारा पायऱ्या होत्या,
वर एक खोली, चार खिडक्या, एक टेलिफोन.
धूर दिसला की दिशा मोजायची, आकडा कळवायचा.
सव्वीस उन्हाळे त्यानं एवढंच केलं.
जेवतानाही पाठ भिंतीला, नजर बाहेर.
घरी आला तरी चुलीचा धूर
दारातूनच पाहून घ्यायचा : किती आहे, कुठे जातोय.

तो गेल्यावर मनोरा पाडला. खिळे गंजले होते.

रान मात्र राहिलं, दलदलीच्या पलीकडचं,
जिथे घोडे पोचले नाहीत आणि मग यंत्रंही.
अलीकडे कंपनीची झाडं, सगळी एका वयाची,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळेसारखी.
पलीकडे तसं नाही. पलीकडे कुणी पडलं
की तेवढंच आभाळ मोकळं होतं,
आणि त्या उजेडात, जो वाट पाहत होता तो वाढतो.
साठ वर्षांचा स्प्रूस तिथे गुडघ्याएवढा असू शकतो.
मेलेला पाइन दोनशे वर्षं उभा राहतो,
साल गळालेला, रुपेरी, आतून टणक.
त्याला तिकडे वेगळं नाव आहे : केलो.
मेलाय असं म्हणत नाहीत. जगतोय असंही नाही.
केलो.

मग आर्मास नावाचा पोरगा आला, पाठीवर पोकळ गिरमिट.
एका जुन्या पाइनपाशी गुडघे टेकून बसला.
बुंध्यात त्रिकोणी खोबण होती, काळी,
कडा आत वळलेल्या, ओठ मिटल्यासारख्या.
त्यानं पेन्सिलीएवढी काडी बाहेर काढली,
भिंगाखाली धरली, वाचू लागला :
सोळाशे ब्याण्णव, आग.
सतराशे एकोणचाळीस, आग.
सतराशे चौऱ्याण्णव. अठराशे सदतीस. अठराशे अठ्ठ्याऐंशी.
"मग?" केर्त्तुनं विचारलं.
"मग काही नाही."

काही नाही म्हणजे रस्ते, फावडी, पंप.
काही नाही म्हणजे तिचे बाबा,
सव्वीस उन्हाळे.

शेवाळ गादीसारखं साचलेलं.
स्प्रूस दाटलेले पाइनच्या पायांशी.
पाइनचं एक पोर पन्नास वर्षांत जमिनीला लागलं नव्हतं.

म्हणून गेल्या जूनमध्ये, ठरवून, बारा हेक्टर.
तळ्यातून पाइप, चाळीस माणसं, वारा वायव्येचा,
आणि ठिबकती मशाल केर्त्तुच्या हातात,
कारण ती म्हणाली, मी पेटवते,
आणि कुणी नाही म्हणालं नाही.
साठी उलटलेली बाई. मशाल खाली नेताना थांबली.
मनोरा जिथे होता तिकडे एकदा पाहिलं.
आभाळ स्वच्छ होतं. वर कुणी असतं
तर पहिल्याच मिनिटाला आकडा कळवला असता.
"बाबा, माहीत आहे आम्हाला,"
ती म्हणाली, फार मोठ्यानं नाही,
आणि लावली.

जुन्या पाइनांनी जाड सालीवर सोसलं.
स्प्रूस गेले, फटाफट.
अजून तडतडत होतं तोवरच काळे किडे आले,
कुठल्या कुठून, धग हुंगत,
आणि गरम बुंध्यांवर जोडीजोडीनं बसले,
आमंत्रण जरा उशिराच आलं, पण आलं, अशा थाटात.

तीन रात्री केर्त्तु राख राखत फिरली,
हातात कुदळ, बुटांत ऊब, धुमसतं ते शोधत.
बापाचंच काम. फक्त जवळून.

या उन्हाळ्यात तिथे एक फूल आलं,
निळसर जांभळं, नखाएवढं.
आर्मास म्हणाला, याचं बी धगीशिवाय उघडत नाही,
मातीत पडून असेल, अठराशे अठ्ठ्याऐंशीपासूनही असेल.
ती वाकून बराच वेळ पाहत राहिली.
म्हणजे तावेत्ती पायऱ्या चढत होता,
खिडकी पुसत होता, डबा उघडत होता,
तेव्हाही ते होतं खाली,
मिटून,
त्याच्या दुर्बिणीत न येणारं.