प्रकाशक अज्ञात

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात
कीबोर्ड उलटा करून आपटला
की आधी मिरचीची भुकटी पडते,
मग धण्याची टरफलं,
मग एखादं अक्षर.

यज्ञेश घणसोलीचा. सीपीयू उघडला आणि सात शिंका.
"काकू, ह्याला आता अपडेट येणार नाहीत.
सिस्टीमच बदलू. जुनं काय काय चालेल
ते आधी तपासून घेऊ."

पडद्यावर एकेक नाव, एकेक हिरवी खूण.
प्रिंटर चालेल.
जीएसटीचं चालेल.
शेठजींचा पत्त्यांचा डाव, तोसुद्धा चालेल.
शेवटी आमचं आडतीचं,
काळ्यावर पिवळी अक्षरं असलेलं.
लाल फुली.
प्रकाशक: अज्ञात.

अज्ञात कसा?
हेरंब कोचरेकर. कोपरखैरण्याचा, माथाडी वसाहतीतला.
नव्व्याण्णव साली ह्याच स्टुलावर बसायचा,
उजव्या हाताने भाकरी, डाव्याने टायपिंग.
आडत, तोलाई, बारदानाची घट, हमाली,
सगळं मला विचारून विचारून लिहिलं,
दोन फ्लॉप्यांवर देऊन गेला.
मग मस्कत.
मग एकदाच फोन आला, त्याच्या भावाचा,
तेराव्याचं सांगायला.

रात्री जुन्या नोंदी नव्यात ओतल्या
तर बेरीज जुळेना.
आडत जुळते, तोलाई जुळते,
हमालीतच दर पावतीमागे काही पैसे जास्त.
चाळीस. पंचाहत्तर. कधी नुसते पाच.
सव्वीस वर्षं, नेहमी वरच्याच रुपयाला.
"बग आहे," यज्ञेश म्हणाला,
"राउंडिंग चुकलंय त्याचं."

मला हेरंबचे वडील आठवले.
दुपारी गाळ्याच्या पायरीवर बसायचे,
हातातला आकडा शेजारी ठेवून,
पावती उन्हात धरून वाचायचे, ओठ हलवत.
एकदा म्हणाले होते,
"ताई, मशीन बरं आहे तुमचं."
मी हसले होते.

मुद्दाम केलं की चुकून,
आता कोणाला विचारणार.
शेठजींनी कधी पाहिलं नाही.
मी पाहायला हवं होतं, माझं कामच ते.

नव्यात एक छोटी चौकट उघडली:
जवळचा रुपया, खालचा, वरचा.
बाण "जवळचा"वर लुकलुकत थांबलेला.
बाहेर गुंटूरची गाडी लागलेली,
पोती पाठीवर चढत होती.

मी चष्मा पुसला.
"वरचा," म्हटलं.
"आणि शेठजींनी विचारलंच
तर सांग,
जुन्याशी जुळायला नको?"