पायाकडची बाजू

साडेतीन महिने कंपनीने तिकडे पाठवलं होतं,
परतले ती थेट मे महिन्यात, सत्तेचाळीस अंशांत.
बाबा मेडिकल चौकात, कडुनिंबाखाली,
पाणपोईच्या रांजणांना ओली पोती गुंडाळत होते.
"थंडी पाह्यली म्हणे लय. सांग मंग."

सांगितलं.
सहा तास चढलो, मी सगळ्यांच्या मागे.
मी आपली सेमिनरी हिलची,
सायकलवरून न उतरता तो चढ चढले
की शाळेत आठवडाभर मिरवणारी.
तिथे ढगांच्याही वर एक दगडी घर,
लाल-पांढऱ्या झडपांचं.
त्याच्या पुढे घर नाही. नुसतं वर जाणं.

बूट दाराशीच काढायचे.
"देवळावानी?"
हो, आणि फळीवरच्या लोकरी सपाता घालायच्या, कोणाच्याही.
रात्री एकाच लांब माचीवर सगळी अनोळखी माणसं,
माझ्या डावीकडे एक सुतार, उजवीकडे दोन बहिणी,
आणि प्रत्येक घोंगडीच्या एका काठावर
विणलेला शब्द : पाय.
काल जिथे एकाचे पाय होते
तिथे आज दुसऱ्याचं तोंड येऊ नये.
बाबांचा पोत्यावरचा हात थांबला.
"हे बाकी डोक्याचं काम हाय."

पाणी मात्र विकत, बाबा.
चारी बाजूंनी पाणीच, पण गोठलेलं,
बर्फ वितळवायला गॅस जळतो, आणि गॅस हेलिकॉप्टरने येतो.
त्यांनी रांजणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जणू ते मीच विकून आले होते.
"विकत," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही.
एक ऑटोवाला पाणी पिऊन गेला.
साखळीला बांधलेला स्टीलचा पेला
रांजणावर आपटला, लोंबकळत राहिला.

आणि मागच्या बाजूला एक लहान खोली.
घर सांभाळणारी रेगुला हिवाळ्यात खाली गावात जाते,
तेव्हाही त्या खोलीला कुलूप नसतं.
आत लाकडं फोडून ठेवलेली, आगपेटी कोरडी,
वादळात कोणी आलंच तर.
"अन् कोणी नेलं उचलून तं?"
मीही तेच विचारलं होतं.
ती म्हणाली, इतक्या वर येऊन कोण घोंगडी चोरणार?
बाबा म्हणाले, "आपला तं चौक हाय."

वही असते एक. नाव लिहायचं,
कुठून आलात, उद्या कुठे जाणार.
न पोचलेल्याला शोधायचं कुठे, ते त्यावरून कळतं.
माझ्या ओळीत नागपूर लिहिताना
देवनागरीत लिहिलं. कारण माहीत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाणपोईवर गेले
तर साखळी नव्हती.
पेला तिसरा होता, प्लास्टिकचा.
"दोन गेले," बाबा म्हणाले, तक्रार नसल्यासारखे.
खुर्चीजवळ दोनशे पानी वही, दोरीला पेन.
(पेन त्यांनी बांधूनच ठेवलं होतं.)

मी पानं उलटली.
धनराज उईके, बालाघाटहून, वॉर्ड बावीस.
शेवंता कोवे, कुरखेड्याहून, रक्तपेढी.
तुमसरचा एक जण. कुठे : बायकोला घरी घेऊन.
त्याखाली एक आडवी रेघ, बोटाएवढी जाड.
कोणाचंसं नाव, गाव छिंदवाडा,
आणि 'कुठे'च्या जागी निळी शाई गोलगोल फिरवलेली,
कागद फाटेपर्यंत.
"हे सगळे पोचले की नाई, कोण पाह्यते?" मी विचारलं.
"मी कोण पाह्यणारा?
लेहून मागतात तं लेहून देतो. बसतात घटकाभर."

त्या रात्री लाइट गेली होती.
गच्चीवर सगळे झोपलेले, आळीभरच्या गच्च्यांवर सगळे,
कोणाचं रेडिओवरचं गाणं, कोणाचं पोर रडतंय,
भिंतींना हात लावला तर अजून चटका.
पहाटे तेवढी जराशी झुळूक आली,
बाबांनी झोपेत अंगावर चादर ओढली.
मोबाइलच्या उजेडात दिसलं,
एका कोपऱ्यात धोब्याच्या शाईने, त्यांच्या वळणदार अक्षरात :
पाय.
ते टोक त्यांच्या हनुवटीशी आलं होतं.

मी हळूच चादर फिरवली.