चौथा टॉवेल

डॉक्टर परकारांनी माझ्या हातावर
निळ्या पेनाने घरं आखली,
ठिकरीच्या डावाला आखतात तशी.
प्रत्येक घरात एक थेंब, प्रत्येक थेंबात एक टोचणी.
झुरळ. बुरशी. गादीतले किडे. कोळंबी.
आणि कोपऱ्यात, अंगठ्याच्या बाजूला, कुत्रा.
पंधरा मिनिटं खाजवायचं नाही, म्हणाले.

कोळंबी निर्दोष सुटली, देवाची कृपा.
कुत्रा मात्र खुब्याएवढा फुगला.
उर्वी टाचा उंचावून बघत होती. नऊ वर्षांची आहे.
"पण केस न गळणारा असला तर?"

तर.
या एका अक्षरावर आमचं घर
दिवाळीपासून एका पायावर उभं.

पूडलचे केस म्हणे गळत नाहीत, नुसते वाढतात.
मग कापायचे कुणी, वेंगुर्ल्यात?
बंदराच्या रस्त्यावरचा सदू म्हणाला, आणा की,
माणसाएवढेच पैसे घेईन.
शित्झूला उकाडा सोसत नाही,
इथल्या दमट हवेत त्याच्या कानांना
पापडांना येते तशी बुरशी येणार,
आणि बुरशीचं घरही माझ्या हातावर लाल होतं.
एक बिनकेसांचा असतो, फोटोत पाहिला,
सोललेल्या रताळ्यासारखा.
उर्वी त्याच्याकडे बघून बराच वेळ गप्प.

डॉक्टर म्हणाले, केसांवर जाऊ नका,
लाळेत असतं ते, कोंड्यात असतं.
जात निवडू नका, कुत्रा निवडा.
परतीच्या एसटीत हे वाक्य मी
दोनदा मनात म्हणून पाहिलं.
आमच्या आळीत ते फक्त कुत्र्यांबद्दलच बोलता येतं.

सावंतवाडीच्या आग्नेल लोबोकडे चार होते.
"कुत्रो मागीर न्हेवा, बाय," तो म्हणाला,
"आधी तेचो टॉवेल न्हेवा."
ज्यावर तो झोपतो तो, न धुतलेला,
तीन रात्री उशाखाली.

पहिल्या टॉवेलने सकाळी माझे डोळे
बर्फातल्या बांगड्यासारखे.
दुसऱ्याने छातीत दशावताराची पेटी उघडली,
रात्रभर एकच सूर.
तिसरा मोहोरात सापडला.
मोहोरात मी तशीही शिंकते, तो धरला नाही.
उर्वी कॅलेंडरवर शिंका मांडत होती,
दुधाच्या हिशेबाशेजारी.
आणि महिनाभर घरात
न आलेल्या कुत्र्यांचा वास.

चौथ्यावर मी झोपले.
शून्य. शून्य. शून्य.
उर्वीने शून्यांना कान काढले.

मग घडी घालताना दिसलं,
टॉवेलच्या दोन कोपऱ्यांवर चिमट्यांचे वळ.
नाक लावलं. रिठे.
माडाआडच्या दोरीवर कधी वाळवला असेल तिने,
दुपारी, मी शाळेत असताना,
केवढा पिळावा लागला असेल तो, त्या एवढ्याशा हातांना.
मी घडी पुरी केली, पिशवीत ठेवली.
ती समोर भाकरी मोडून बसली होती, खात नव्हती.

रविवारी आम्ही दोघी वाडीला गेलो.
चौथ्या टॉवेलचा मालक तपकिरी, लांब पायांचा,
एक कान उभा, एक ठरत नसलेला.
"हेची आवस पूडल," आग्नेल म्हणाला,
"बापूस कोण तां माका म्हायत नाय."

मी बाही वर केली, हात पुढे धरला.
त्याने मनगट चाटलं, सावकाश,
घामातलं मीठ संपेपर्यंत.
"आई, तो टॉवेल ना, मी..."
"घड्याळ बघ," मी म्हटलं.

काहीतरी वर येत होतं.
मुगाएवढं, की नुसता लाल डाग,
चष्मा घरी राहिला होता.
आग्नेल चहा घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.
खाजवायचं नाही.
"किती झाली?"
"बारा."
कुत्रा आमच्या मधे येऊन बसला,
माझ्या हाताकडे बघत,
त्यालाही कुणी थांबायला सांगितल्यासारखा.