फॅमिली सेक्शन वर आहे

कोर्टासमोर माझं टायपिंगचं टेबल.
सहाला मशीनवर रेक्झिनचं कव्हर घालते,
दिवसभराची प्रतिज्ञापत्रं बोटांतून झटकते,
कुणाची सामाईक विहीर,
कुणाचं सातबाऱ्यावरून गळलेलं नाव,
आणि गुरुवारी घराकडे न जाता
मेहेर सिग्नलच्या अलीकडच्या बोळात वळते.

हॉटेल कावेरी. रेस्टॉरंट अँड परमिट रूम.
मालक भोजण्णांनी कावेरी कधी पाहिलेली नाही.
नाव पाटी रंगवणाऱ्यानं सुचवलं,
त्याच्याकडे त्या दिवशी निळा रंग उरला होता.
आणि गोदेला गंगा म्हणणाऱ्या गावात
कावेरीला कोण हरकत घेणार?

दारात तुळशीराम गावित, सुरगाण्याचा,
खांद्यावर ओलं फडकं.
माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघतो,
अजून कोण येतंय का.
मग बोट जिन्याकडे:
"फॅमिली सेक्शन वर आहे, मॅडम."

अकरा वर्षं मी वर गेले.
मरून पडदे, कुणाच्या तरी वाढदिवसाचे निम्मे उतरलेले फुगे,
सूपच्या वाटीवर चमचा आपटणारं एक बाळ,
कोपऱ्यात काचेच्या टाकीत एक मासा,
तोही माझ्यासारखाच, एकटा फॅमिली.
वर पनीर चिलीच खातात. मीही खाल्लं.
खालचं हसणं जिन्यानं यायचं
लसणाच्या फोडणीला धरून,
वर पोचेस्तोवर निवून गेलेलं.

मग त्या गुरुवारी एसी गळला.
"वर पाणी झालंय," तुळशीराम म्हणाला,
जसं काही त्याच्याच घरात शिरलंय.
खाली एकच खुर्ची रिकामी,
टेबल नंबर चार, बेसिनला लागून.
समोर अरिंगळे, नोटांच्या प्रेसमधून रिटायर,
सोड्याचा फेस बसायची वाट बघत.
सगळी परमिट रूम एक घोटभर गप्प झाली.
अरिंगळ्यांनी आपली पिशवी मांडीवर घेतली,
बशी अर्ध्यावर सरकवली.
"घ्या."

बशीत द्राक्षं होती.
एक्सपोर्टच्या पेटीतून बाद झालेले सुटे मणी,
काहींना डाग, काहींचं देठ तुटलेलं,
वरून मीठ, तिखट, लिंबू पिळलेलं.
हे वरच्या मेनूकार्डात नाही.
खरं तर कुठल्याच मेनूकार्डात नाही,
भोजण्णांचा मेव्हणा पिंपळगावला पॅकिंगमध्ये आहे, एवढंच.

आम्ही काय बोललो?
फार काही नाही.
रिबन आता मिळत नाही, मी म्हणाले.
शाईचा वास निवृत्तीनंतर चार वर्षं
अंघोळीतून निघत होता, ते म्हणाले.
मागच्या टेबलावर कुणीतरी फ्लायओव्हरला शिव्या देत होतं,
माझ्याकडे बघून शिव्या सौम्य केल्या,
दहा मिनिटांनी विसरला,
पुन्हा मूळ पदावर आला.
मला बरं वाटलं.

बिल आलं. मी पाचशेची नोट काढली.
अरिंगळ्यांनी सवयीनं उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली,
अंगठ्यानं कडेच्या रेघा चाचपल्या,
शेजारच्या मुलीचा निकाल बघावा तसं म्हणाले,
"चांगली आलीय."
आणि बडीशेपेच्या वाटीखाली ठेवली.

पुढच्या गुरुवारी एसी दुरुस्त.
मी दारात. तुळशीरामचं बोट
नेहमीसारखं जिन्याकडे उचललं,
हवेत थांबलं,
मग त्यानं त्याच बोटानं कान खाजवला
आणि चार नंबर पुसायला गेला.

अरिंगळे आले नव्हते.
आले तर बसतील, म्हणून पर्स
समोरच्या खुर्चीवर ठेवली नाही.

त्या माशाला आता खायला कोण घालतं,
हे मात्र विचारायचं राहून गेलं.